आधी कॅम, मग स्पार्क

डायनोच्या कागदावर आठ बीएचपी वाढलेली होती, आणि तरीही मालक वैतागलेला. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून कडकड आवाज, म्हणजे नॉक. गाडी १२०० सीसीची हॅचबॅक, इनटेक कॅमवर व्हीव्हीटी, म्हणजे चालत्या इंजिनात कॅम पुढे-मागे फिरवणारी यंत्रणा. मॅप दुसरीकडून करून आणलेला. मी प्लग काढले, तर दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. भिंग लावलं, तर त्यात अॅल्युमिनियमचे चमकते कण. पिस्टन झडायला लागला होता.

फाइल उघडल्यावर फार शोधावं लागलं नाही. जास्त लोडच्या सगळ्या ओळींत सरसकट पाच अंश स्पार्क अॅडव्हान्स चढवलेला. डायनोवरचा रन ४००० आरपीएमच्या पुढचा, तिथे इंजिनाने ते पाच अंश पचवले. घाटात मात्र इंजिन २५००-३००० मध्ये राबतं, आणि तिथे कॅम कुठे असतो हे कुणी पाहिलंच नव्हतं.

डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंग लाइटने टायमिंग लावायचे, त्या काळात कॅम आपला जागेवर असायचा. आरपीएम आणि लोड कळला की स्पार्क ठरला. व्हीव्हीटीत कॅमचा कोनही मोजावा लागतो. इनटेक कॅम अॅडव्हान्स झाला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना जी हवा मॅनिफोल्डमध्ये परत ढकलली गेली असती, ती सिलिंडरमध्येच अडकते. भरणा वाढतो, दाब वाढतो, मिश्रण झपाट्याने जळतं. तिथे स्पार्क मागेच ठेवायला हवा. पण हायवेला हलक्या पायाने जाताना तोच पुढे गेलेला कॅम ओव्हरलॅप वाढवतो, जळका वायू आत उरतो आणि ज्योत रेंगाळते. तिथे इंजिन पस्तीस-चाळीस अंशही खुशाल मागतं. कॅम एकाच दिशेला फिरलेला, स्पार्कची मागणी मात्र उलटसुलट. म्हणून ‘सगळीकडे थोडं चढवू’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

होंडाच्या के२० इंजिनासाठी जे ट्यूनिंग ईसीयू मिळतात, त्यांत कॅमच्या ०, १०, २० असे ५० अंशांपर्यंत इग्निशनचे वेगवेगळे तक्ते असतात. मधल्या कोनांचा आकडा ईसीयू स्वतः काढतो. ती मांडणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

कामाला लागण्याआधी ऑइल बघा. बहुतेक व्हीव्हीटी ऑइलच्या दाबावर फिरतात. ऑइल काळं पडलं किंवा कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी तुंबली, की ईसीयू तीस अंश मागतो आणि कॅम वीसवर अडकून बसतो. लॉगमध्ये मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी-शेजारी लावा. दोन्ही जुळत नाहीत तोवर स्पार्कच्या तक्त्याला हात लावू नका.

मग आरपीएम आणि लोड स्थिर धरून कॅम एका कोनावर लॉक करा. स्पार्क एकेक अंशाने पुढे न्या. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा; त्याआधी नॉक आला, तर दोन अंश मागे या. आता कॅम पुढच्या कोनावर न्या आणि स्पार्क पुन्हा पहिल्यापासून शोधा, आधीचा आकडा उचलून टाकू नका. वेळखाऊ आहे, आणि गिऱ्हाईक बाहेर चहा पिऊन कंटाळतं. कंटाळू द्या.

पाय अचानक दाबला की कॅमला नव्या कोनावर पोचायला थोडा वेळ लागतो. तक्ता एकच असेल, तर त्या मधल्या क्षणासाठी स्पार्कमध्ये एक-दोन अंशांची सूट ठेवलेली बरी.

‘नॉक सेन्सर सांभाळून घेईल’ असं बरेच जण म्हणतात. सेन्सर नॉक झाल्यावरच टायमिंग मागे ओढतो. त्या हॅचबॅकच्या लॉगमध्ये तो प्रत्येक चढाला ओढत होता, म्हणून इंजिन तगलं एवढंच. डायनोवर पहिल्या रनला आकडा चांगला आणि तिसऱ्याला घसरलेला दिसला, तर नॉक रिटार्डचा रकाना आधी उघडा.

शेवटची चाचणी डायनोवर नको. इंजिन तापलेलं, एसी चालू, टाकीत गिऱ्हाईक रोज भरतो तेच पेट्रोल. १०० ऑक्टेनवर मॅप केला आणि पुढच्या आठवड्यात साधं भरलं, तर सगळी मेहनत पाण्यात. चढ निवडा, तिसरा गिअर, २५०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल. तक्त्याच्या ज्या घरात रिटार्ड पुन्हापुन्हा येतो, तिथून दोन अंश काढा, शेजारची घरंही त्या बेताने उतरती करा, आणि तोच चढ परत चढा.