तोंडाच्या कॅन्सरनंतरची मॉलिक्युलर तपासणी: कधी, कशी, कशासाठी

तोंडाचा कॅन्सर उलटला तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून ऑपरेशन, रेडिएशन आटोपलं की फॉलोअपच्या तारखा घरातल्या सगळ्यांना दिसतील अशा कॅलेंडरवर लिहा. साधारणपणे पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा दाखवायला जायचं असतं. तुमचं नेमकं अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील.

याच्या जोडीला आता मॉलिक्युलर टेस्टचं नाव कानावर पडू लागलं आहे. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. गाठ तोंडातच असेल तर ते लाळेतही उतरतात. रक्तातले हे तुकडे फार तर काही तास टिकतात, त्यामुळे आज सापडले तर ते आत्ता कुठून तरी येताहेत असा अर्थ निघतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरचे 93 रुग्ण तपासून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सर्व रुग्णांच्या लाळेत असे तुकडे मिळाले, रक्तात मात्र पाचांपैकी चौघांच्या. उपचारानंतर मागे राहिलेला आजार अगदी थोडा असतो, तो पकडणं याहून कितीतरी अवघड.

ही टेस्ट करायची असेल तर तयारी ऑपरेशनच्या आधीपासून हवी. गाठीत कोणते जनुकीय बदल आहेत हे आधी वाचावं लागतं (टीपी53 या जनुकातला बदल या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त दिसतो) आणि मग तेच बदल रक्तात शोधायचे. म्हणून गाठीचा मेणातला ब्लॉक कुठल्या पॅथॉलॉजी विभागात ठेवला आहे ते विचारून फाइलवर नंबर लिहून ठेवा. शक्य असेल तर ऑपरेशनपूर्वी रक्ताचा एक नमुना द्या. तेव्हा काय दिसत होतं हेच ठाऊक नसेल, तर नंतरच्या ‘निगेटिव्ह’ला फारसा आधार राहत नाही. ऑपरेशननंतर लगेच रक्त देऊ नका. जखम भरताना निरोगी पेशींचा डीएनए रक्तात खूप येतो आणि त्यात कॅन्सरचे तुकडे झाकले जातात. काही आठवडे थांबा.

एचपीव्ही या विषाणूची रक्ततपासणी कुणी सुचवली तर थांबून विचारा. ती मुख्यतः घशाच्या, टॉन्सिलच्या कॅन्सरसाठी उपयोगी आहे. आपल्याकडचा गालाचा, हिरडीचा कॅन्सर बहुतांशी तंबाखू, खर्रा, मिश्री, सुपारीतून येतो. त्यात ती टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्यातून काही कळत नाही.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आपण काय वेगळं करणार?’ नमुना पुन्हा घेऊ, तोंड-घसा दुर्बिणीतून बघू, स्कॅन करू, संशयाच्या जागेचा तुकडा काढू, असं ठोस उत्तर मिळालं तर टेस्टला अर्थ आहे. उत्तर मिळालं नाही तर ते पैसे फॉलोअपच्या प्रवासासाठी राखावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर केमो सुरू होऊ नये. वयोमानाने रक्तपेशींतही टीपी53 चे बदल होतात आणि ते कॅन्सरचे वाटू शकतात. म्हणून पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासला का, हेही विचारून घ्या.

घरची तपासणी मात्र कुठल्याही रिपोर्टवर अवलंबून ठेवू नका. आठवड्यातून एकदा, दात घासल्यावर, मोबाइलचा टॉर्च आणि उलटा चमचा घ्या. चमच्याने गाल बाजूला सारून दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्यांचा मागचा कोपरा, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघा. रेडिएशनने तोंड कमी उघडत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. दातांमध्ये किती बोटं उभी मावतात तेही लिहून ठेवा, बोटं मात्र दर वेळी रुग्णाचीच. मग बोटांच्या टोकांनी कानाखालपासून कॉलर बोनपर्यंत मान चाचपा.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, नवा पांढरा किंवा लाल डाग, मानेत गाठ, एकाच कानात दुखणं, ओठ बधिर होणं, दात अचानक हलू लागणं, तोंड आधीपेक्षा कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. पुढची तारीख जवळ आली आहे किंवा गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह होता म्हणून थांबू नका.