आंबट असतानाच काढा

आमचे नाना द्राक्षाचा मणी चावून साखर सांगतात. रिफ्रॅक्टोमीटर लावून पाहिलं तर अर्ध्या ब्रिक्सपलीकडे फरक पडत नाही. चाळीस वर्षं थॉमसन द्राक्षं पिकवलेली जीभ आहे ती. मण्यांत पाणी उतरल्यापासून रोज पहाटे ते बागेत जातात, पाचव्या-सहाव्या ओळीतला एक, शेवटच्या ओळीतला एक, असे मणी चावतात आणि व्यापाऱ्याला कधी फोन करायचा ते ठरवतात. आमच्या घरावर कर्ज नव्हतं ते या जिभेमुळे. आणि आमच्या वाइनरीचं पहिलं वर्ष वाया गेलं तेही मी ही जीभ वापरली म्हणून. दोष त्यांचा नव्हता. त्यांना विचारलेला प्रश्नच मी चुकीचा विचारला होता.

दिंडोरी तालुक्यात आमची अकरा एकर जमीन आहे. त्यातली तीन एकर थॉमसन जुनी झाली होती, ती काढून मी २०१४ च्या फेब्रुवारीत डॉगरिजचे खुंट लावले आणि ऑगस्टअखेर त्यांवर शेनिन ब्लाँची कलमं भरली. आमच्याकडे सगळे त्याला चेनिनच म्हणतात. नाना तेव्हा गप्प राहिले, पण त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. २००९ च्या सुमारास मंदी आली तेव्हा वाइनरींनी माल उचलला नाही आणि आमच्या शिवारात लोकांनी उभ्या वाइनच्या बागा उपटून टाकल्या, ते त्यांनी पाहिलं होतं. वाइनची द्राक्षं बाजारात बसून विकता येत नाहीत. मणी बारीक, बियांचा, सालीला जाड. वाइनरीनं नाही म्हटलं तर ती कोणीच घेत नाही. म्हणूनच मी म्हणत होतो, की दुसऱ्याच्या वाइनरीवर अवलंबून राहायचं नाही, आपलीच लहानशी काढायची. आणि वाइनही फेसाची करायची. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं ती करून दाखवली होती, आमच्या तालुक्यात शांदों कंपनी येऊन २०१३ मध्ये तिची बाटली बाजारात आली होती. म्हणजे ही माती आणि ही हवा त्या वाइनला चालते, एवढं सिद्ध झालेलं होतं. बाकीचं आपण शिकू, असं मला वाटलं.

जानेवारी २०१६ ला पहिला माल धरला. मी नानांना रोज विचारायचो, "झाली का हो गोड?" ते मणी चावायचे आणि म्हणायचे, "आंबट हाये रे अजून. चार दिस थांब." मी थांबलो. चार दिवसांचे चौदा झाले. माल उतरवला तेव्हा साखर बावीस ब्रिक्स होती, मणी सोन्यासारखा पिवळा, आणि मला वाटलं याहून चांगली द्राक्षं कोणाकडे असतील?

फेसाच्या वाइनला ती द्राक्षं निकामी होती. का, ते नीट सांगतो, कारण दर हंगामात आमच्याकडे येणाऱ्या तरुण बागायतदारांपैकी बहुतेकजण इथेच चुकतात. ही वाइन दोनदा आंबते. आधी टाकीत साधी वाइन तयार होते, मग ती साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरतात, वर सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच ठोकतात, आणि आतल्या आत दुसऱ्यांदा आंबू देतात. त्या दुसऱ्या वेळी जो वायू होतो तो बाहेर पडू शकत नाही, वाइनमध्ये विरघळून राहतो. तोच पुढे फेस. आता बावीस ब्रिक्सच्या रसातून पहिल्याच वेळी साडेबारा टक्के अल्कोहोल झालं होतं. एवढ्या अल्कोहोलमध्ये बाटलीतलं यीस्ट जोर धरत नाही. जूनमध्ये भरलेल्या बाटल्या आम्ही दिवाळीत उघडल्या तर बुडबुडा नावालाही नव्हता. आणि चवीला सपाट. आपल्याकडचं ऊन द्राक्षातलं आम्ल फार लवकर खातं. त्या चौदा दिवसांत पीएच ३.७ पर्यंत चढला होता.

फेसाच्या वाइनला माल सतरा ते एकोणीस ब्रिक्सला काढावा लागतो, पीएच ३.१ च्या आसपास असताना. म्हणजे थॉमसनवाला ज्या मालाला कच्चा म्हणेल तो. खायच्या द्राक्षात आपण गोडीची वाट पाहतो, इथे आंबटपणा हातचा जायच्या आत तोडायचं असतं. आम्ही आता सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटतो, साधारण एकशेवीस दिवसांत माल येतो, आणि शेवटचे दहा दिवस मी एक दिवसाआड शंभर मणी वेगवेगळ्या ओळींतून गोळा करून त्यांचा रस तपासतो. सप्टेंबरच्या छाटणीला पावसात डाऊनी रोगाची भीती असते, ती पत्करावी लागते. नानांना मी आता विचारतो, "आंबट आहे ना अजून?" आणि ते हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बॅटऱ्या घेऊन माणसं बागेत उतरतात. जानेवारीतली ती थंडी फुकटची आहे, ती घालवू नका. दहा वाजेपर्यंत सगळा माल प्रेसमध्ये गेला पाहिजे, घडाचा घड, देठासकट, न चिरडता. क्रेटमध्ये बारा किलोंहून जास्त भरू नका, खालचे मणी फुटतात आणि रस तिथेच काळवंडतो. आणि प्रेस पिळत बसू नका. शॅम्पेन प्रांतात ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस घ्यायचा असा नियमच आहे, आणि त्यातलाही पहिला २०५० लिटर उत्तम मानतात. शेतकऱ्याच्या हाताला उरलेला रस टाकवत नाही, हे मला कळतं. तो वेगळ्या टाकीत घ्या, पण पहिल्यात मिसळू नका.

दुसऱ्या वर्षीची चूक याहून गंभीर होती. तिची आठवण आजही माझ्या पुतण्याच्या मनगटावर आहे.

२०१७ चा माल वेळेवर काढला होता, आंबट होता, सगळं जमलं होतं. मार्चअखेर मी बाटल्या भरायला घेतल्या. टाकीतली साखर संपली की नाही ते पाहायला हायड्रोमीटर सोडला, तो शून्याच्या जरा खाली थांबला. मी धरलं, संपली. प्रत्येक लिटरला चोवीस ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या रचल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पहिली बाटली फुटली. तिच्या काचांनी शेजारच्या दोन. पुतण्या शेडमध्ये धावला, कारण घरातलं नुकसान होत असताना आपल्याकडचं पोर बाहेर उभं राहत नाही. मनगटावर सात टाके पडले. काच दोन बोटं वर लागली असती तर काय झालं असतं ते मी अजूनही मनात आणू शकत नाही. चार दिवसांत सातशेवर बाटल्या गेल्या. आम्ही शेडचं दार लावून बाहेर बसून आवाज मोजत होतो.

झालं काय होतं? अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं, त्यामुळे वाइनमध्ये हायड्रोमीटर नेहमी कमी दाखवतो. साखर खरोखर संपलेली वाइन शून्यावर नसते, चांगली दीड-दोन अंश खाली असते. नंतर प्रयोगशाळेत नमुना दिला तेव्हा कळलं, लिटरमागे नऊ ग्रॅम साखर आत शिल्लक होती. दर चार ग्रॅम साखरेला साधारण एक वातावरण दाब तयार होतो. चोवीस ग्रॅमचा सहा, तो बाटलीला सोसतो. तेहतीस ग्रॅमचा आठाच्या पुढे. आणि हा हिशेब थंड तळघराचा. मे महिन्यात पत्र्याखाली तोच दाब कुठल्या कुठे जातो.

पुढे वाचताना मला समजलं, की फ्रान्समध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या होत आली होती. तिथले तळघरातले कामगार लोखंडी मुखवटे घालून काम करायचे. १८३६ मध्ये शालों गावच्या झाँ-बाप्तिस्त फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्यानं आधीची साखर मोजून मगच वरची साखर किती घालायची याची रीत घालून दिली, तेव्हा फुटणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण कमी झालं. जे जगाला इतकी वर्षं ठाऊक होतं ते मी शोधलं नाही, एका नळीवर विश्वास ठेवला. साखरेची प्रयोगशाळेतली तपासणी काही शे रुपयांत होते. ती बाटल्या भरायच्या आधी करा आणि अहवाल हातात येईपर्यंत यीस्टचं पाकीट फोडू नका. बाटल्या फेसाच्या वाइनसाठी बनवलेल्या, जाड, नव्याच घ्या. ओरखडा असलेली बाजूला काढा. रचलेल्या बाटल्यांजवळ जाताना तोंडावर जाळीचा किंवा प्लास्टिकचा मुखवटा आणि हातात जाड मोजे, मग तो मालक असो की मजूर. बाटल्या फुटायला लागल्या तर आत जाऊ नका. बाटली परत मिळते.

तसंच टाक्यांच्या खोलीचं. वाइन आंबताना निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, त्याला रंग नाही आणि धोक्याची काही चाहूल नाही. टाकी धुवायला एकट्याला आत उतरू देऊ नका, पंखा लावून हवा खेळल्याशिवाय तर मुळीच नाही.

शेड पाडून आम्ही ओढ्याकाठच्या चढात काळ्या दगडाची अर्धी जमिनीत गाडलेली खोली बांधली. वर मातीचा थर, आत लहान चिलर. वीज गेली तरी आतलं तापमान दिवसभर फारसं हलत नाही. शॅम्पेनमध्ये खडूच्या दगडातली तळघरं आहेत, बारा महिने दहा-बारा अंश. आपल्याला ते सुख नाही, म्हणून वाइनरीचा आराखडा काढताना प्रेस आणि टाक्यांच्या आधी ही खोली काढा. मी तिच्यावरचा खर्च शेवटी ठेवला होता.

पैशाचं सरळ सांगतो. जानेवारीत तोडलेलं द्राक्ष एप्रिलनंतर बाटलीत जातं. तिथे ते यीस्टच्या गाळावर किमान वर्षभर, खरं तर पंधरा महिने पडून राहिलं पाहिजे. त्या गाळातूनच भाजक्या पावाचा वास येतो, त्यात घाई केली तर नुसता सोडा उरतो. मग बाटल्या तिरप्या फळीवर उलट्या लावून रोज थोड्या फिरवत गाळ बुचाशी आणायचा, मान गोठवायची, बूच उडवायचं, गाळाचा बर्फ बाहेर, थोडी गोडी घालून कॉर्क. आणखी दोन-तीन महिने विश्रांती. म्हणजे पहिली बाटली विकायला दोन वर्षं, आणि तोवर दुसऱ्या हंगामाचा खर्चही त्याच घरातून. बँकेचा हप्ता मात्र गाळावर पडून राहत नाही. लेबलाची नोंदणी, परवान्याचं नूतनीकरण, दुसऱ्या राज्यात विकायचं तर तिथली वेगळी नोंदणी, हे सगळं बाटली विकली जायच्या आधी भरायचं असतं. आम्ही तीन एकरांऐवजी एका एकरापासून सुरुवात करायला हवी होती. बाकीची दोन एकर थॉमसन ठेवली असती तर २०१७ चं नुकसान तिनं झेललं असतं. आज एकर-दीड एकराच्या वरचा माल मी बाटलीत घालत नाही, उरलेला करारानं विकतो.

घरातलं बोलणं आधी करा, हेही पैशाइतकंच महत्त्वाचं. नाना माळकरी आहेत. वाइन त्यांनी कधी चाखली नाही, चाखणारही नाहीत, आणि आम्ही कधी त्यांना आग्रह केला नाही. लागवडीआधी मी त्यांना फक्त बागेचं सांगितलं होतं. बाटलीवर आपलं आडनाव येणार हे त्यांना छापलेलं लेबल बघून कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. आता लेबलावर आमच्या शिवाराचं नाव आहे. हा निर्णय खुंट लावण्याआधी व्हायला हवा होता.

चव माझी बायको घेते. ती रसायनशास्त्र शिकलेली आहे, वही ठेवते, आणि बाटल्या फिरवायचं कामही तिचं. रोज सकाळी पाचशे बाटल्या, प्रत्येकीला आठव्या भागाचा वळसा. पुतण्या मनगट बरं झाल्यावर परत आला आणि प्रेस त्यानंच मागून घेतला. थोरल्या भावाकडे फवारणी आहे. भुरी रोगासाठी गंधक तोडणीजवळ मारलं की वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो, हे त्याला एकदा चुकल्यावर कळलं, आता पाणी उतरलं की तो गंधक बंद करतो.

कोणाला यायचं असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या, आदल्या रात्री मुक्कामाला. पहाटे चारला बागेत थंडी असते, कानटोपी आणा. रिफ्रॅक्टोमीटर आणलात तर चालेल, पण पीएच मीटर विसरू नका. नाना बांधावर उभे असतील, तुम्हाला एक मणी देतील आणि तोंडाकडे बघत राहतील.