मोटार कधीं कधीं कां अडते ?

जें यंत्र कायमचें बंद पडलें, त्याचा दोष शोधणें फारसें कठीण नसतें. परंतु जें आज अडतें व उद्यां बिनतक्रार चालतें, तें शोधकाच्या धीराची खरी परीक्षा पाहतें. मोटारीचें उदाहरण घेऊं.

पेट्रोलची मोटार सुरू होण्यास दोन गोष्टी घडाव्या लागतात. बॅटरीच्या विजेवर चालणाऱ्या स्टार्टरनें प्रथम एंजिन फिरविलें पाहिजे. नंतर त्यांत इंधन, हवा व ठिणगी यांचा योग्य वेळीं संयोग होऊन ज्वलन झालें पाहिजे. पूर्वीं हें फिरविण्याचें काम मनुष्य हॅण्डल मारून करीत असे. अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला व तें कष्टाचें काम हळूहळू सुटलें. तेव्हां पहिला प्रश्न हा कीं, किल्ली फिरविली असतां एंजिन फिरतें कीं नाहीं ? फिरत नसल्यास दोष बॅटरी, तारा किंवा स्टार्टर यांत शोधावा. फिरूनहि पेट घेत नसल्यास इंधन व ठिणगी यांकडे वळावें. एवढ्यानेंच अर्धा शोध संपतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची मोटार अशीच लहरी होती. दिवे लख्ख लागत, पण स्टार्टर नुसता ‘टक्’ करून थांबे. एके रात्रीं आजारी मातोश्रींस रिसोडाहून वाशीमला रुग्णालयांत न्यावयाचें असतां मोटार अडली. सुदैवानें शेजाऱ्यांची जीप मिळाली. बॅटरी तर आठच दिवसांपूर्वीं नवी घातलेली. म्हणून चालकाचीच कांहीं खोडी असावी असा ग्रह होऊन त्यांनीं त्यास काढून टाकण्याचें ठरविलें.

मीं त्यांस पंधरा दिवस थांबून एक वही ठेवण्याची विनंती केली. मोटार अडली ती वेळ, ऊन कीं पाऊस, एंजिन थंड कीं तापलेलें, व त्याआधींचा रस्ता, एवढें तींत लिहावयाचें. मोटार चार वेळां अडली. चारहि वेळां ती शेताच्या खडबडीत वाटेनें आलेली होती. हिसक्यांनीं प्रकटणारा दोष बहुधा सैल जोडणीचा असतो. मग मिस्त्रींनीं व्होल्टमीटर लावला. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. परंतु किल्ली फिरवितांच बॅटरीचें ऋण टोक व एंजिन यांमध्यें सुमारें ५ व्होल्ट दिसले. तेथें अर्धा व्होल्टहि असूं नये. ऋण तार मोटारीच्या सांगाड्यास जेथें जोडली होती, त्या बोल्टाखालीं गंज चढला होता.

आतां ओहमच्या नियमानें गणित करा. गंजाचा रोध ०.०५ ओहम धरा. ५ अँपिअर घेणाऱ्या दिव्यापायीं तेथें ०.२५ व्होल्ट वाया जातो; १०० अँपिअर ओढणाऱ्या स्टार्टरपायीं मात्र ५ व्होल्ट ! म्हणून दिवे लागतात, यावरून जोडणी निर्दोष आहे असें सिद्ध होत नाहीं.

पॉलिश पेपरानें गंज घासून बोल्ट आवळतांच मोटार सुधारली. गृहस्थांनीं चालकाची क्षमा मागितली. तो आजहि त्यांच्याकडेच आहे.

पालकहो, जो मुलगा एके दिवशीं चटकन् उत्तर देतो व दुसऱ्या दिवशीं मुका राहतो, त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं आपणहि पंधरा दिवस अशीच वही ठेवून पाहावी.