चांद्याचा परकोट

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी हे गाव आहे. तेथून पूर्वेकडे निघाले की काही वेळातच वर्धा नदी लागते. एके काळी ही नदी वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांची सीमा होती. आज ती यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पौष महिन्यातील एका सकाळी आमच्या शाळेची सहल नदीवरील पूल ओलांडून पलीकडे गेली आणि घुग्गुसच्या कोळशाच्या खाणी मागे टाकून चंद्रपुरास पोचली.

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. १९६४ साली ते बदलून चंद्रपूर झाले. तरी जुनी माणसे अजूनही चांदाच म्हणतात. शहराच्या पश्चिमेस इरई नदी आहे व पूर्वेस झरपट. दोघी शहराला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन दक्षिणेस एकमेकींना भेटतात, आणि पुढे इरई वर्धेला मिळते. या दोन नद्यांच्या मध्ये गोंड राजांनी आपली राजधानी वसविली आणि तिच्याभोवती दगडी तट उभारला. तोच चांद्याचा परकोट.

उत्तरेकडील जटपुरा दरवाजापाशी आमची गाडी थांबली. केवढी उंच कमान ती! पूर्वी जिच्याखालून हत्ती-घोडे गेले, तिच्याखालून आता सायकली, रिक्षा आणि मोटारी यांची रीघ लागलेली असते. दरवाजाच्या अंगावर एक शिल्प कोरलेले आहे. सिंहाने हत्तीला नमविले आहे, असे ते दृश्य. "हे गोंड राजांचे राजचिन्ह," गुरुजींनी सांगितले. आमच्याबरोबर शहरातील एक तरुण कार्यकर्ता आला होता. त्याने आम्हांला आधी या नगराच्या जन्माची कथा सांगितली.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी तेव्हा वर्धेच्या काठी बल्लारपुरास होती. राजाच्या अंगावर गळवे उठली होती; काही केल्या ती बरी होत नव्हती. एकदा शिकारीस गेला असता त्याला तहान लागली. झरपटेचे पात्र कोरडे पडले होते. मात्र एका खळग्यात थोडे पाणी दिसले. ते पिऊन त्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तो गळवे नाहीशी झालेली! त्या पाण्याच्या जागी राजाने अचलेश्वराचे मंदिर बांधविले. पुढे त्याच परिसरात एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला राजाला दिसला. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. ही भूमी सामर्थ्य देणारी आहे, असे राणीने ओळखले, आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधण्याचा सल्ला दिला.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु तिच्यात एक सत्य दडलेले आहे. नगर वसते ते पाण्याच्या आश्रयाने, हे त्या राणीला ठाऊक होते.

इतिहास सांगतो तो असा : तटाचे काम पंधराव्या शतकात सुरू झाले, असे मानतात. परंतु ज्याने पाया घातला त्याला ते पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. तट दहा किलोमीटरांच्या घरात लांब. एवढा दगड फोडणे, घडविणे, वाहून आणणे आणि बसविणे हे एका पिढीचे काम नव्हते. पुढच्या पिढ्यांतील राजांनी ते चालू ठेवले आणि पूर्णत्वास नेले. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे त्याला आहेत. याखेरीज बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर अशा पाच खिडक्या आहेत. मुलांनो, येथे खिडकी म्हणजे तटातून ये-जा करण्यासाठी ठेवलेला लहान दरवाजा.

जटपुऱ्याहून आम्ही बिनबा दरवाजाकडे गेलो. पावसाळ्यात वर्धेला मोठा पूर आला की इरईचे पाणी तिच्यात सामावत नाही. ते मागे फिरते व शहराच्या सखल वस्त्यांत शिरते. जी नदी जगविते तीच केव्हा केव्हा अंगणात येऊन उभी राहते. अशा नदीच्या काठी हा तट शतकानुशतके उभा आहे.

आम्ही तट पाहण्यात गुंग होतो, तेवढ्यात आमच्यातील एका मुलाने एक टोकदार खडा उचलला आणि दगडावर आपले नाव कोरावयास आरंभ केला. गुरुजींनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलाविले व विचारले, "या भिंतीत दगड किती असतील, सांग बरे!"

"मोजता यायचे नाहीत, गुरुजी."

"ते घडविणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचे तरी नाव तुला ठाऊक आहे का?"

मुलाने मान हलविली.

"मलाही ठाऊक नाही. ज्यांनी हा तट बांधला त्यांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. आपले काम ठेवले. मग आपण येथे नाव ठेवावे, असे आपण काय केले आहे?"

मुलाच्या हातातील खडा आपोआप गळून पडला.

पठाणपुरा दरवाजाजवळ आम्ही एका बुरुजावर चढलो. तेथून दूरवर नदीकाठची झाडी दिसत होती. "काही वर्षांपूर्वी येथे पाऊल टाकणेही कठीण होते," तो तरुण सांगू लागला. बुरुजांवर काटेरी झुडपांचे रान माजले होते, पायथ्याशी केरकचऱ्याचे ढीग साठले होते, आणि वड-पिंपळांच्या मुळ्यांनी चिरे उखडून टाकले होते. परकोट पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. परंतु एवढ्या लांब भिंतीवर रोज नजर कोण ठेवणार? २०१७ साली चंद्रपूरच्या 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी हाती कोयते, कुदळी व घमेली घेतली आणि परकोट स्वच्छ करण्यास प्रारंभ केला. दोनशेहून अधिक दिवस ते काम अखंड चालले होते. त्याच वर्षी देशाच्या पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या श्रमदानाचा गौरव केला.

बोलता बोलता तो तरुण खाली वाकला. दोन चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचे एक इवलेसे रोप उगवले होते. चार पानांचे, तांबूस, मोठे देखणे. त्याने ते हळूच मुळासकट काढले. "आज हे बोटाने निघते," तो म्हणाला, "दहा वर्षांनी हेच बुरुज फोडील." खडा टाकून देणाऱ्या मुलाने ते रोप मागून घेतले आणि ओल्या रुमालात गुंडाळून ठेवले.

दुपारी आम्ही अचलेश्वर दरवाजाकडे वळलो. तेथे झरपटेच्या काठी अचलेश्वराचे मंदिर आहे, आणि त्याच्या शेजारी राजा बिरशहाची समाधी आहे. बिरशहाचा घात झाला तेव्हा गादीला वारस नव्हता. राणी हिराईने रामशहा यास दत्तक घेतले व तो लहान असल्यामुळे अठराव्या शतकाच्या आरंभी स्वतः राज्यकारभार चालविला. पतीच्या स्मरणार्थ ही घुमटाची समाधी तिनेच बांधविली. आपल्याकडे राजांनी राण्यांसाठी उभारलेल्या वास्तू पुष्कळांना माहीत असतात. राणीने राजासाठी उभारलेली ही वास्तू मात्र अनेकांनी पाहिलेली नसते. जवळच महाकालीचे मंदिर आहे. तेही हिराईचेच कार्य होय. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते आणि मराठवाडा व तेलंगणातूनही भाविक येतात. ज्या झरपटेत ते स्नान करतात तिचे पाणी आज शहराच्या सांडपाण्याने मलिन झाले आहे. ज्या नदीच्या ओंजळभर पाण्याने नगर जन्मास आले, तिची ही दशा पाहून मन खिन्न झाले.

१७५१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याचे राज्य घेतले. पुढे १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी तट फोडला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. राज्ये गेली, परकोट राहिला.

शेवटी आम्ही लालपेठेत गेलो. तेथे उघड्यावर प्रचंड पाषाणमूर्ती पडलेल्या आहेत. सर्वांत मोठी मूर्ती दशमुखी दुर्गेची आहे. रायप्पा नावाच्या एका धनिक वैश्याने येथे मोठे देवालय बांधण्याचा संकल्प केला होता, असे सांगतात. मूर्ती घडल्या, परंतु देवालय उठले नाही. त्या मूर्ती तशाच आकाशाखाली पडून राहिल्या.

"गुरुजी, रायप्पानंतर हे काम कोणीच का हाती घेतले नाही?" त्याच मुलाने विचारले.

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "तुझ्या प्रश्नातच आजच्या सहलीचे सार आहे. परकोटाचा पायाही एकाच माणसाने घातला आणि येथला संकल्पही एकाच माणसाने केला. तेथे पुढच्या पिढ्यांनी खांदा दिला. येथे कोणी दिला नाही. एवढाच काय तो फरक."

परतताना दीक्षाभूमीवर आम्ही मस्तक नमविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, आणि १६ ऑक्टोबर रोजी त्यांनी या भूमीवर लोकांना दीक्षा दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले कार्यही पुढच्यांच्याच हाती आहे.

वर्धेचा पूल आला तेव्हा सूर्य मावळत होता. तो मुलगा मांडीवर ओला रुमाल सांभाळून बसला होता. ते रोप आता आमच्या शाळेच्या आवारात, भिंतीपासून बरेच दूर, विहिरीजवळ लावले आहे. त्याला पाणी घालण्याचे काम यंदाच्या वर्गाकडे आहे. पुढील वर्षी ते पुढच्या वर्गाकडे जाईल.

अभ्यास

१. चांद्याच्या नगराच्या जन्माची आख्यायिका आपल्या शब्दांत सांगा. तिच्यात कोणते सत्य दडले आहे, असे लेखक म्हणतो?
२. गुरुजी मुलावर रागावले नाहीत. तरी त्याच्या हातातील खडा गळून पडला. का?
३. परकोट आणि लालपेठेतील मूर्ती यांत गुरुजींनी कोणता फरक सांगितला?
४. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू, बारव किंवा नदीचा घाट पाहून या. तिची आजची स्थिती व तिच्यासाठी आपल्या वर्गाला काय करता येईल, यावर दहा ओळी लिहा.