गुळवेलीची लागवड व तिचा निर्धोक उपयोग

शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांत मुख्य पीक भाताचें. खाचरांचे बांध, वरकस जमिनीच्या कडा व घरामागील परस ह्या जागांपासून शेतकऱ्यास फारसें उत्पन्न मिळत नाहीं. अशा जागांस योग्य असें एक औषधी पीक म्हणजे गुळवेल होय. ही वेल आमच्या वाचकांस नवी नाहीं. तथापि ती रोज दृष्टीस पडते म्हणून आपणांस तिची पारख आहे असें समजणें धोक्याचें आहे. ह्यास्तव लागवड, पारख व उपयोग ह्या तिहींचा विचार आम्ही येथें एकत्र करीत आहों.

सन २०२० मध्यें कोरोनाची साथ आली, तेव्हांपासून गुळवेलीची मागणी फार वाढली. शहापूर तालुक्यांतील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनीं गुळवेल गोळा करून, सुकवून मोठ्या औषधी कारखान्यांस पुरविली. १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मालाची मागणी त्यांस मिळाल्याचें सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. हें उदाहरण अभिनंदनीय आहे. परंतु मागणी वाढली कीं, वेल मुळासकट उपटण्याचा मोह होतो, आणि मग रानांतील वेल लवकरच संपते. शिवाय सन २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें गौण वनोपजावरील हक्क आदिवासींचा व परंपरेनें वनांत राहणाऱ्यांचा आहे. ज्याच्यापाशीं स्वतःची जमीन आहे, त्यानें रानाकडे न पाहतां आपल्या बांधावर वेल लावावी, हेंच न्याय्य व किफायतशीर आहे.

पारख. खऱ्या गुळवेलीचें शास्त्रीय नांव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचें पान हृदयाकृति व गुळगुळीत असतें. खोडावरील साल कागदासारखी पातळ सुटते व आंत हिरवा रंग दिसतो. जुन्या वेलीस दोरीसारखीं लांब मुळें लोंबतात. खोड आडवें कापल्यास गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. पिकलेलीं फळें लाल, वाटोळीं व घोसांनीं येतात. हिच्याच वर्गांतील टिनोस्पोरा क्रिस्पा नांवाच्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे पुष्कळ उंचवटे असतात व कापल्यास दुधासारखा स्राव येतो. टिनोस्पोरा सायनेन्सिस ह्या दुसऱ्या वेलीच्या पानांवर लव असते. वाळलेल्या तुकड्यांवरून हे भेद ओळखणें कठीण, म्हणून पारख वेल उभी असतांनाच केली पाहिजे. संशय असल्यास जाणत्या वैद्यास अथवा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकास पान, खोड व फळ दाखवावें.

लागवड. संस्कृतांत हिला छिन्नरुहा, म्हणजे तोडली असतां पुन्हां वाढणारी, असें म्हणतात. आणि लागवडीची रीतिहि त्यावरूनच ठरते. खात्रीच्या वेलीच्या सहा ते आठ इंच लांब, निदान दोन डोळे असलेल्या कांड्या काढाव्या. जून महिन्यांत पाऊस बसल्यावर एक डोळा मातींत व एक वर राहील अशा लावाव्या. टोकें उलटीं होऊं देऊं नयेत. दोन वेलींत नऊ ते दहा फुटांचें अंतर ठेवावें. खड्ड्यांत कुजलेलें शेणखत घालावें. आपल्याकडे पाऊस भारी, म्हणून पाणी तुंबणारी जागा टाळून बांधाची उंच बाजू धरावी. आधारास वाढलेला निंब किंवा आंबा चांगला. निंबावरील वेल वैद्य विशेष पसंत करितात. कोंवळ्या रोपावर वेल चढवूं नये, तें दबून जातें. काजऱ्यासारख्या विषारी झाडावर तर कधींहि चढवूं नये. तोडणीच्या वेळीं त्याचे तुकडे मालांत मिसळण्याचें भय असतें.

तोडणी. पावसाळा संपल्यावर, खोड सुमारें एक इंच जाड झालें म्हणजे तोडणी करावी. बुंध्याकडील दोन-तीन फूट भाग राखल्यास तीच वेल पुन्हां फुटते. खोड धुवून बारीक तुकडे करावे व सावलींत, हवेशीर जागीं पूर्ण सुकवावे. ओलसर मालास बुरशी येते, आणि तो औषधाच्या कामाचा राहत नाहीं. प्रत्येक पोत्यास शेताचें नांव व तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

उपयोग. आयुर्वेदांत गुळवेल ज्वरावर व अशक्ततेवर प्रसिद्ध आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशांत चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम, व काढ्यासाठीं २० ते ३० ग्रॅम द्रव्य असें प्रमाण दिलें आहे. ह्या मर्यादा आहेत म्हणूनच तें औषध आहे. सन २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळांत मुंबईंतील डॉक्टरांस गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें आढळलें. सन २०२२ मध्यें देशांतील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. केंद्रीय आयुष मंत्रालयानें गुळवेल निर्धोक असल्याचें सांगून, दुसऱ्या सदृश वेलीशीं घोटाळा झाला असावा असें मत दिलें. हा वाद कसाहि सुटो, शेतकऱ्यानें त्यापासून दोन गोष्टी घ्याव्या: माल चोख असावा, आणि सेवन बेतशीर असावें.

पाश्चात्य देशांतहि असाच अनुभव आला आहे. मोडलेलें हाड सांधण्यासाठीं तेथें कॉम्फ्रे नांवाची वनस्पति शतकानुशतकें नांवाजलेली होती. तिच्यांतील अल्कलॉइड द्रव्यें यकृतास घातक असल्याचें दिसून आल्यावर, सन २००१ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें पोटांत घेण्याचीं कॉम्फ्रेचीं औषधें बाजारांतून काढण्यास सांगितलें. जुनी कीर्ति म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे.

यकृताचे रोगी, सांधेवातासारख्या स्वप्रतिकारक विकाराचे रोगी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, ह्यांनीं वैद्य किंवा डॉक्टर ह्यांच्या सल्ल्यावांचून गुळवेल घेऊं नये. मधुमेहाच्या औषधाबरोबर ती घेतल्यास रक्तांतील साखर फार उतरण्याचा संभव असतो, म्हणून त्या रोग्यांनींहि आधीं विचारावें. कोणीहि महिनोन्महिने काढा पीत राहूं नये. डोळे पिवळे दिसणें, लघवी गडद होणें, अन्नावरची वासना उडणें ह्यांपैकीं कांहीं आढळल्यास सेवन तात्काळ थांबवून रुग्णालय गांठावें, आणि घेतलेल्या औषधाचा नमुना बरोबर न्यावा.

भात विकणारा शेतकरी अन्न विकतो. गुळवेल विकणारा औषध विकतो. आपल्या पोत्यांतील चुकीचा एक तुकडा कोणा अनोळखी रोग्याच्या पोटांत जावयाचा आहे, हें ध्यानांत ठेवून आमच्या वाचकांनीं येत्या पावसाळ्यांत खात्रीच्या पांच-दहा कांड्या बांधावर लावून पाहाव्या, अशी आमची शिफारस आहे.