मनाच्या दुखण्याला दवाखाना किती लांब?

कबड्डी खेळताना एखाद्या मुलाचा हात मोडला तर काय होते? शिक्षक धावत येतात, घरी निरोप जातो, दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढतात आणि हाताला प्लास्टर घालतात. चार दिवसांनी तो मुलगा वर्गात येतो तेव्हा मित्र त्या प्लास्टरवर हौसेने सह्या करतात. हात मोडला म्हणून कोणी त्याला हसत नाही किंवा ते लपवूनही ठेवत नाही.

आता दुसरे उदाहरण घेऊ. समजा, नवी मुंबईत तुर्भ्याच्या एका वस्तीत राहणारी एक बाई आहे. ती चार घरची धुणीभांडी करते. गेला महिनाभर तिला रात्री झोप नाही. अन्नाला चव लागत नाही, डोके आणि पाठ सतत दुखते, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नाही आणि ‘आपला कोणाला काही उपयोग नाही’ असे तिला वाटते. गल्लीतल्या दवाखान्यात ती पाठदुखी सांगते आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन परत येते. घरचे म्हणतात, ‘उगाच विचार करत बसू नकोस.’ तिला नैराश्य हा विकार झाला असण्याची दाट शक्यता आहे. पण ते नाव कोणीच उच्चारत नाही.

दोघांनाही उपचारांची गरज आहे. मग एकाला ते तासाभरात मिळावेत आणि दुसरीला महिनाभरातही मिळू नयेत, असे का?

हे दुखणे खरे असते का?

दुःख सर्वांनाच होते. परीक्षेत कमी गुण मिळाले किंवा जवळचे माणूस गेले, तर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उदासपणा आणि निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकला, झोप, भूक व कामकाज बिघडले, तर त्याला विकार समजून तपासणी करून घ्यावी लागते. अनुवंश, शरीरातील बदल, गरिबी, घरातील मारझोड, एकटेपणा अशी अनेक कारणे एकत्र येऊन तो उद्भवतो. तो आळस नव्हे, की मनाचा कमकुवतपणाही नव्हे. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे यांनी बहुतेक रुग्णांना आराम पडतो.

असे रुग्ण किती? बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली. (महाराष्ट्र त्यांत नव्हता.) तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण अधिक होते. १३ ते १७ या वयोगटात, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलामुलींत, ते ७.३ टक्के होते. हेच प्रमाण धरले तर ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात असे चार जण निघतील.

उपचारांची दरी

ज्यांना उपचार हवेत त्यांच्यापैकी किती जणांना ते मिळत नाहीत, याच्या टक्केवारीला ‘उपचारांची दरी’ म्हणतात. वरील पाहणीत नैराश्य, चिंताविकार अशा नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांवाचून होते. तीव्र विकारांतही ही दरी सुमारे ७४ टक्के होती.

दरी पडण्याचे पहिले कारण म्हणजे तज्ज्ञांची टंचाई आणि त्यांची असमान वाटणी. याच पाहणीनुसार केरळात दर लाख लोकांमागे १.२ मानसोपचारतज्ज्ञ होते, तर मध्य प्रदेशात ०.०५. भागाकार करून पाहा : २४ पटींचा फरक!

दुसरे कारण अंतराचे. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ चारच होती : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी ठाण्याचे रुग्णालय १९०१ साली सुरू झाले. वाशी ते ठाणे हे अंतर लोकलने १८-१९ किलोमीटर, म्हणजे नकाशावर अगदी जवळ. पण आपल्या उदाहरणातील बाईसाठी ते किलोमीटरमध्ये मोजून चालणार नाही. जाणेयेणे, रांग आणि तपासणी यांत तिचा दिवस मोडतो. दिवस मोडला की त्या दिवसाचे पैसे बुडतात. शिवाय हे एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा जावे लागते. वाशीत किंवा नेरुळमध्ये खाजगी तज्ज्ञ आहेत. पण तेथे फी मोजावी लागते. एकाच शहरात राहणाऱ्या दोन रुग्णांसाठी दवाखान्याचे अंतर असे वेगवेगळे होते.

तिसरे कारण अज्ञान आणि चौथे लाज. ‘लोक वेडी म्हणतील’ ही भीती पैसेवाल्या घरांतही असते. त्यामुळे दवाखाना शेजारी असूनही पाऊल उचलत नाही.

गोव्यातील प्रयोग

तज्ज्ञ एका रात्रीत तयार होत नाहीत. मग ही दरी बुजवायची कशी? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी या प्रश्नावर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांनी २४ दवाखाने निवडले : १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टर. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी एकेक समुपदेशक नेमली. या स्थानिक स्त्रिया होत्या. त्यांना वैद्यकाचे पूर्वज्ञान नव्हते. केवळ दोन महिन्यांचे शिक्षण दिले होते. त्या रुग्णाचे शांतपणे ऐकून घेत, आजार समजावून सांगत, अडचणींतून वाट काढायला मदत करत. औषधे डॉक्टर देत आणि देखरेख मानसोपचारतज्ज्ञ करत. उरलेल्या निम्म्या ठिकाणी समुपदेशक नव्हती. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी एक परीक्षानळी तशीच ठेवतो ना? तसेच हे.

सहा महिन्यांनी काय दिसले? सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखेच राहिले. म्हणजे जेथे गरीब माणूस जातो आणि जेथे डॉक्टरला गर्दीमुळे बोलायला सवड नसते, तेथेच या मदतीचा खरा उपयोग झाला. वस्तीतल्या आरोग्य केंद्रात शिकलेले, ऐकून घेणारे एक माणूस बसले तर तुर्भ्याच्या बाईचा ठाण्याचा फेराही पुष्कळदा वाचेल. तीव्र आजारासाठी तज्ज्ञ लागेलच. पण प्रत्येकासाठी नाही.

हक्क आणि सोय

सामान्य दवाखान्यांतूनच मानसोपचार मिळावेत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा पातळीवरील कार्यक्रम. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर शासनाच्या सेवेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. फोन करायला गाडीभाडे लागत नाही आणि खाडाही पडत नाही.

आपणही काही करू शकतो. मित्र गप्पगप्प झाला तर त्याची थट्टा न करता विचारपूस करावी आणि त्याचे ऐकून घ्यावे. ‘जीव नकोसा झाला’ असे कोणी म्हणाले, तर ते गुपित न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे. येथे गुपित फोडणे म्हणजे विश्वासघात नव्हे; ती मदतच होय.

करून पाहा

१. तुमच्या घरापासून तापाचे औषध मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना आणि मानसोपचार मिळणारे सर्वांत जवळचे सरकारी ठिकाण शोधा. दोन्हीकडे जायला लागणारा वेळ, भाडे आणि बुडणारे कामाचे तास यांचा तक्ता करा.

२. हाच तक्ता वाशी, तुर्भे, दिघा आणि उरणजवळचे एखादे गाव यांसाठी करा. कोणासाठी दवाखाना सर्वांत लांब आहे?

३. गोव्याच्या प्रयोगात निम्मे दवाखाने समुपदेशकाविना का ठेवले असावेत? तसे केले नसते तर निष्कर्षावर विश्वास ठेवता आला असता का? वर्गात चर्चा करा.