डांबराआधी कागद

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या घराची पश्चिमेकडची पाखी उघडी पडली. कौलं अंगणात, रीपा माडांच्या झापांत. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि पुढे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर रंगीत पत्र्याचं छप्पर करायचं ठरवलं. वादळानंतर कामांची एवढी झुंबड की कालपर्यंत गेट आणि ग्रिल करणारे एका रात्रीत छप्परवाले झाले होते. आमचा फॅब्रिकेटर त्यांतलाच. बोलायला गोड, वेल्डिंगचा हातही बरा. पण सांगाडा जोडणं वेगळं आणि त्यावर पत्रा बसवणं वेगळं.

पहिल्या मोठ्या सरीला माजघरात धार लागली. फोन केला तर तो लगेच आला, डबा घेऊनच. "काका, पत्र्याचं घर म्हटलं की पहिल्या पावसाला थोडं गळायचंच. डांबर लावून देतो, विषय संपला."

मी डांबर लावू दिलं नाही. ज्यांच्या घरी असा डबा घेऊन कोणी येईल, त्या सगळ्यांना मी हेच सांगतो. डांबर, सिलिकॉन, चिकटपट्टी यांनी भोक झाकलं जातं, कारण तसंच राहतं. शिवाय एकदा वरून काळा थर बसला की खाली काय चुकलं होतं ते कोणाला दाखवता येत नाही. आतलं सामान हलवावं, गळतीखाली पातेली ठेवावीत, फार तर वरून ताडपत्री टाकावी. पण कारण कागदावर येईपर्यंत छपराला हात लावू देऊ नये.

कारण शोधायला पाण्याचा पाइप पुरतो. उघडीप मिळाली की एकाने खाली टॉर्च घेऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याने शिडीवरून पाणी मारायचं, वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू कोन्याकडे. उलट केलं तर वरून घसरत आलेलं पाणी सगळीकडे शिरतं आणि काहीच कळत नाही. थंडीतल्या पहाटे पत्र्याखालून टपटपतं ते बहुधा दव असतं. त्यासाठी कारागिराशी भांडू नये.

आमच्याकडे जे निघालं ते असं. नालीदार पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारायचे असतात, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. इथे निम्मे खोलगट भागात होते. काही इतके आवळलेले की खालचा रबरी वॉशर चेपून बाहेर आला होता, काही हाताने फिरत होते. खालच्या-वरच्या पत्र्यांचा चढ सहा इंच तरी हवा, तो जेमतेम तीन. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट दिशेची. आपला पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून आडवा येतो. म्हणून पत्रे बसवायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करतात, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याला पाठमोरी राहते. आमच्या कारागिरांनी वाऱ्याच्या बाजूनेच सुरुवात केली होती. प्रत्येक जोड वाऱ्यापुढे तोंड उघडून बसलेला. याला डांबराचा कोणता डबा पुरणार?

पत्र्यांवर ठिकठिकाणी तांबूस ठिपकेही होते. ते ग्राइंडरचे. ग्राइंडरने पत्रा कापताना उडणाऱ्या ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसात गंजतात. कापल्यावर निदान छप्पर झाडून घ्यायचं असतं. पत्र्याच्या पोटाशी छापलेली जाडीही वाचा. कोटेशनमध्ये अर्धा मिलिमीटर आणि पत्र्यावर त्याहून कमी, असं सर्रास असतं. आमची मात्र बरोबर निघाली, हेही सांगायला हवं.

मग कागद. ओळखीच्या नव्हे, त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअरला बोलावून पाहणीचा अहवाल घेतला, फोटोंसह. तो जोडून फॅब्रिकेटरला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. भाषा सौम्य, पण दोष एकेक करून, दुरुस्तीला मुदत देऊन, आणि मुदतीत काम झालं नाही तर दुसऱ्याकडून करून खर्च मागू, असं स्पष्ट लिहून. तोंडी भांडणात तो माझ्यापेक्षा हुशार होता. पत्रानंतर त्याचा सूर उतरला.

नाहीच उतरला तर ग्राहक आयोग आहे. साहित्य आणि मजुरी धरून काम दिलेलं असेल तर ती सेवा ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते; त्यामुळे गावचं घर असलेल्या मुंबईकरांची सोय होते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. १९१५ या हेल्पलाइनवरही सुरुवात करता येते. मात्र पैसे रोख आणि पावती नाही, असं असेल तर पहिला वाद व्यवहार झाला की नाही यावरच होतो.

नवं काम देणाऱ्यांनी दोन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्याव्यात. एक, चढ, स्क्रूची जागा आणि पत्रे बसवायची दिशा. दुसरी, बिलाचा दहावा हिस्सा एक पावसाळा सरल्यावरच मिळेल. सरकारी बांधकामात दोषदायित्व कालावधी असतो, तर घराच्या छपराला का नको? फॅब्रिकेटर कुरकुर करतील. जो अजिबात ऐकत नाही त्याला नमस्कार करावा.

आमच्याकडे शेवटची खेचाखेच वेगळ्याच मुद्द्यावर झाली. पश्चिमेची पाखी उतरवून नीट बसवायला तो तयार झाला, पण तेच पत्रे वापरून. इंजिनिअरने हरकत घेतली: जुनी भोकं आता वाहत्या पाण्याच्या वाटेत येणार, ती बुजवायची म्हणजे पुन्हा डांबरच. शेवटी त्या पाखीला नवे पत्रे आले. मजुरी त्याची, पत्र्याचा खर्च अर्धा-अर्धा; काढलेले पत्रे आमच्या लाकडांच्या खोपीवर गेले. पूर्वेच्या पाखीवर तडजोड केली. तिथे वारा लागत नाही, म्हणून फक्त स्क्रू बदलून घेतले आणि तसं दोघांच्या सहीनिशी लिहून ठेवलं.